आत्ये, पालीची गोष्ट आता सांगतो

आत्ये, तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल धडधडीत खोटं बोलतायत आणि मला मान डोलवावी लागते आहे.

देवरूखच्या घरी रोज माणसं येत होती. बहुतेक तुझे विद्यार्थी. ज्यांचे कान तू पिळलेस, त्या कानांवरचे केसही आता पिकले. येतात, तुझ्या फोटोला हात जोडतात, चहा नको नको म्हणत दोनदा घेतात आणि निघताना तेच वाक्य म्हणतात, "बाई म्हणजे वाघीण हो. उभ्या जन्मात कशाला घाबरल्या नाहीत." मी म्हणतो, "हो ना." मुग्धा तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जाते. लोकांना वाटतं, सूनबाईंना रडू आवरत नाही. ती हसायला जाते.

परवा एक निवृत्त तलाठी आले होते. तू वर्गात शिरलेला साप लाकडी पट्टीने कसा बाहेर काढलास ते त्यांनी साभिनय सांगितलं. ते खरं आहे, मी त्याच वर्गात होतो. सापाला तू घाबरली नव्हतीस. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनाही नाही, आणि पुरात ओढा ओलांडायला तर मुळीच नाही. पण तू ज्याला घाबरायचीस ती वस्तू सापाच्या दातापेक्षा बारीक होती, हे त्या तलाठ्यांना कोण सांगणार?

गेल्या गणपतीत मी तुला डिवचलं होतं, "सांगू का सगळ्यांना पाली गावातली गोष्ट?" तू उकडीचा मोदक वळता वळता म्हणालीस, "मी मेल्यावर काय ती सांग. तोवर तोंड मीट आणि सारण इकडे दे."

आता तू दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. म्हणजे मला परवानगी आहे. सांगतो.

तुला सगळं ठाऊकच आहे म्हणा. पण तू स्वतः गोष्ट नेहमी मधूनच सुरू करायचीस आणि मला मात्र "पहिल्यापासून सांग, समोरच्याला कळायला हवं" म्हणून दटावायचीस. तेव्हा पहिल्यापासून.

आईबाबा मुंबईला, जागा एवढीशी, म्हणून मी तान्हा असल्यापासून देवरूखला तुझ्याकडे. तू बाबांची थोरली बहीण, लग्न न केलेली, जवळच्या वाडीतल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात आत्या आणि शाळेत बाई. शाळेत चुकून "आत्ये" म्हटलं की तू मला बाकावर उभं करायचीस. घरात चुकून "बाई" म्हटलं की हसायचीस आणि ताटात एक आंबोळी जास्त टाकायचीस. मी बऱ्याचदा मुद्दाम चुकायचो.

त्या शाळेत लस टोचायचा दिवस म्हणजे लढाईच. आरोग्य केंद्राची जीप वळणावर दिसली की तू फाटक लावून घ्यायचीस. रांग लावायचीस, एकेकाचं मनगट धरून पुढे ढकलायचीस. कोणी भोकाड पसरलं की तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "सुई म्हणजे काय वाघ आहे?" माझ्या वर्गातली रंजना एकदा खिडकीतून उडी मारून काजूच्या झाडावर जाऊन बसली. तू पदर खोचून झाडाखाली उभी राहिलीस, ती भुकेने खाली उतरेपर्यंत. मग वेणी धरून तिला आणलंस, मांडीत दाबून धरलंस आणि टोचून झाल्यावर हातावर लिमलेटची गोळी ठेवलीस. रंजनाने ती गोळी तुझ्या डोळ्यांदेखत थुंकली. त्यासाठी तिला वेगळी शिक्षा झाली.

सगळ्या पोरांचं आटोपलं की नर्सबाई हसून म्हणायच्या, "बाई, आता तुम्ही?" आणि नेमकं तेव्हाच तुला रांगेच्या शेपटाकडे शिस्त लावायला जावं लागायचं. रांग तोवर मोडून पोरं घरी पळालेली असायची. तरी तू जायचीस. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग बरीच वर्षं गेली. मी रत्नागिरीला बँकेत लागलो, मुग्धाशी लग्न झालं, आणि सई आली. वेळेच्या बरीच आधी आली. किती एवढीशी होती, तू नंतर पाहिलीसच. काचेच्या पेटीतून बाहेर आली तरी दूध पिताना दमायची, मध्येच थांबून आमच्याकडे बघायची, जणू आम्हीच तिला पळायला लावलंय. मुग्धाची आई चिपळूणहून यायची होती, तर ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडून बसली. मी तुला फोन केला. तू एवढंच विचारलंस, "नाचणीचं पीठ आणू की तिकडे मिळतं?"

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, बाळाच्या स्वतःच्या लशी सुरू व्हायला अजून वेळ आहे, आणि सुरू झाल्या तरी अंगात मुरायला वेळ लागतो. तोवर बाळाला जो जो उचलणार, त्या प्रत्येकाने डांग्या खोकल्याची लस घेतलेली हवी. मोठ्या माणसाला हा खोकला साधाच वाटतो. एवढ्या बाळाला झाला तर श्वास अडकतो. "माडांच्या आगराला दगडी गडगा घालतो ना आपण, तसे तुम्ही तिच्याभोवती. एक चिरा निखळला तरी गुरं आत शिरतात." मुग्धाने गरोदरपणातच घेतली होती. मी तिथेच बाही वर केली. राहिला एकच चिरा. सत्तरीतला, देवरूखचा.

विचारायचं कोणी, यावर आमचं घरी भांडण झालं. मुग्धा म्हणाली, "आत्या तुझी." मी म्हणालो, "तुझ्यावर ती ओरडत नाही." मुग्धा म्हणाली, "म्हणूनच. ते मला टिकवायचंय."

तू सकाळच्या एसटीने आलीस. दोन्ही हातांत पिशव्या, कुळथाचं पीठ, तूप, जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे. पिशव्या खाली ठेवायच्या आत म्हणालीस, "कुठाय माझं माणूस?" मी खोलीच्या दारात आडवा उभा.

"आधी हातपाय धू, आत्ये."

तू धुतलेस. "आता?"

"आता चहा घे."

तू उभ्या उभ्या चहा संपवलास. "आता?"

"प्रवासातून आलीस, अंघोळ..."

"सुहास, दारात का उभा आहेस? आत काय चोरीचा माल ठेवलायस?"

मुग्धाने मागून चिमटा काढला. मी घसा खाकरला आणि बँकेत बोलतो तसं बोललो, "आत्ये, डॉक्टरीणबाईंचं असं म्हणणं आहे की बाळाचा सांभाळ करणाऱ्यांकडून लस घेण्यात यावी."

"'घेण्यात यावी'? या वाक्यात कर्ता कुठे आहे?"

"तू. कर्ता तू आहेस."

बाहेर कोळीण "बांगडेऽ, ताजे बांगडेऽ" करत पुढे निघून गेली. बांगड्याची हाक ऐकूनही तू हलली नाहीस, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग तोफखाना सुटला. लस पोरांना देतात, थेरड्यांना नाही. मला डांग्या खोकला लहानपणीच होऊन गेलाय, तो एकदा झाला की पुन्हा होत नाही. मी सांगितलं की होतो, ती ताकद ओसरत जाते. तू म्हणालीस, ओसरत असेल तुमच्या रत्नागिरीत. ती डॉक्टरीण परवा फ्रॉकात फिरत होती, ती मला शिकवणार? मी नाकातोंडाला पदर बांधीन. मी श्वासच कमी घेईन. शेवटी सगळे मुद्दे संपले तेव्हा शिक्षिकेची भाषाही संपली आणि आजोळची सुरू झाली. "जल्लं मेलं तां इंजेक्शन! मी काय रोगट आहे काय? तुला ढुंगणापासून धुतला तो याच हातांनी. तेव्हा नाही विचारलंस मला, आत्ये टोचून आलीस काय म्हणून!"

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं."

"तेच बरं होतं!"

आणि तू पिशवी उचलून निघालीस. एक पिशवी. दुसरी बाळाच्या लुगड्यांची होती, ती ठेवलीस. मी चपला घालत होतो तर मुग्धा म्हणाली, "थांब जरा. चष्मा इथेच राहिलाय त्यांचा." आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तू कोपऱ्यावरून परत येताना दिसलीस, रागाने छत्री टेकत. आत आलीस आणि कोणी न विचारता म्हणालीस, "देवरूखची गाडी सुटली."

पुढची कधी आहे, हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. चष्माही तू उचलला नाहीस. त्या परत येण्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, आत्ये. तेव्हा बोललो असतो तर तू हट्टाने पुन्हा गेली असतीस. आज बोलतो. तू पिशवी खाली ठेवलीस आणि कढईत फोडणी टाकलीस, त्या चर्र आवाजाने आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. आम्हाला काहीही येत नव्हतं. बाळाला धरायचं कसं इथपासून काहीही.

पण मुग्धा ठाम राहिली, हे तिचं श्रेय. लस नाही, तर बाळाच्या खोलीत पाऊल नाही. तू म्हणालीस, ठीक आहे. आणि बाहेरच्या खोलीत दारासमोर, लांब भिंतीशी, खुर्ची टाकून बसलीस. नाकावर पदर. तिथून तू आमचा संसार चालवलास. सईची अंघोळ म्हणजे तर कवायत. "डोकं! डोकं धर! दुसरा हात पाठीखाली! आता पालथी! अरे पालथी म्हणजे पोट खाली, सुहास, तुझं भूगोलातही असंच होतं!" मुग्धा गोंधळायची, पण तुझा आवाज ऐकला की सावरायची. शेजारच्या बाई एकदा घाबरून डोकावल्या, त्यांना वाटलं घरात शिकवणी चालते.

आणि संध्याकाळी सई किरकिर करायला लागली, कशानेच राहीना, की तू त्या खुर्चीतून पाढे म्हणायचीस. अंगाई तुला एकही येत नव्हती. बे एके बे पासून सुरू, एका सुरात, वर्गात म्हणायचीस तसे. नऊच्या पाढ्यापर्यंत सई झोपलेली असायची. मग तू मान पुढे करून दारातून तिचा जेवढा दिसेल तेवढा पाय बघत बसायचीस. मला वाटायचं, जावं आणि तुझ्या मांडीवर तिला ठेवून द्यावं, काय व्हायचं ते होवो. मुग्धालाही वाटायचं. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

मग तपासणीचा दिवस आला. तू हट्टाने बरोबर आलीस, "मी बाहेर बसेन." तपासणीच्या खोलीतून मी औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो, तर एक जोडपं धावत दवाखान्यात शिरत होतं. आईच्या खांद्यावर तीन-चार महिन्यांचं बाळ. ते खोकत होतं. खोकला सुरू झाला तो थांबेचना, मध्ये श्वास घ्यायला फटच नाही. चेहरा लाल, मग जांभळा, आणि मग तो आवाज, हवा आत ओढायचा, अरुंद नळीतून पाणी ओढावं तसा. आतून नर्स आल्या आणि बाळाला घेऊन गेल्या. दार लागलं. तरी आवाज येत होता.

तू उभी होतीस. तू कधी उभी राहिलीस ते मी पाहिलं नाही. बाळाच्या बापाची चप्पल पळताना पायातून सुटून दारात पडली होती. तू वाकून ती उचललीस, भिंतीशी नीट ठेवलीस. (ते बाळ वाचलं. आठवडाभर तू रोज मला फोन करायला लावून विचारत होतीस, म्हणून ठाऊक.)

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तू विचारलंस, "पाली किती लांब?"

"का?"

"तिकडे मिळते काय ती लस?"

"अगं, इथे मिळते. आपण गेलो होतो तिथेच."

"तिथे रंजी आहे," तू म्हणालीस.

खरंच होती. तीच, काजूच्या झाडावरची. आता त्या दवाखान्यात थोरली नर्स. सकाळी तिने तुला वाकून नमस्कार केला होता आणि तू तिला "वेणी घट्ट घालत जा" म्हणाली होतीस.

"मी रंजीसमोर हात पुढे करणार नाही. पालीला चल. नाहीतर लसही नको."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बुधवारी आमची पालीला ओपीडी असतेच, तिकडे या, लस बर्फाच्या पेटीतून येईल. मला हायसं वाटलं. पुढचं काही विचारायचं सुचलं नाही.

बुधवारी अर्धी रजा टाकून तुला स्कूटरवर मागे बसवलं. हातखंब्याच्या पुढे रस्त्याच्या कामाची लाल धूळ, तू एका अंगाने बसलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने माझा शर्ट. प्रत्येक गतिरोधकाला म्हणायचीस, "हळू. घाई काय आहे? हळू." मी एवढा हळू चाललो होतो की बैलगाडीवाल्यानेही मागून येऊन आमच्याकडे वळून पाहिलं असतं.

दवाखाना बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचा. आम्ही बाकावर बसलो. आतून पडदा सरकला आणि बर्फाची पेटी कडेवर घेतल्यासारखी धरून रंजना बाहेर आली.

"बाई! तुम्ही? इथं?"

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण तू बाई होतीस. क्षणात सावरलीस. "रंजना, पेटी दोन्ही हातांनी धर," म्हणालीस. मग माझ्याकडे वळून, "मी जरा तोंड धुऊन येते."

तू मागच्या दाराने गेलीस. मी बसून राहिलो. रंजनाने पेटी ठेवली, सिरिंज काढली, हात धुतले, कागद बघितला. "लस बाईंना द्यायची?" मी हो म्हणालो. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती वेळ झाला त्यांना जाऊन?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आत ती परसात होती.

तू पळाली होतीस, आत्ये. बेड्यापर्यंत. परसाच्या कुंपणाचं ते फाटक तारेने बांधलेलं होतं आणि तू छत्रीच्या टोकाने ती तार उलगडत होतीस. पलीकडे एसटीचा थांबा दिसत होता. कोंबड्या ओरडत होत्या. मी हाक मारणार, तर रंजनाने मला हाताने मागेच थांबवलं.

"बाई, ते बेडं नाय उघडायचं. गंजलंय ते."

तुझा हात थांबला. तू वळली नाहीस.

"मी धरणार नाय तुम्हाला," रंजना म्हणाली. "बसा जरा."

फणसाखाली चिऱ्यांची रास रचलेली होती. ती बसली. थोड्या वेळाने तूही बसलीस. मी दारात. आणि मग तू बोललीस, जे मला चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हतीस. आठ वर्षांची असताना तुला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हाची ती बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं. रोज बैलगाडीने न्यायचे. दोघं जण हात धरायचे, एक जण पाय. सुई म्हणजे दाभण. तेव्हापासून स्पिरिटचा वास आला की तू बाहेरचं दार शोधतेस. कोरोनाच्या वेळी तू केंद्रावर रांगेत उभी राहिलीस, नंबर आला की मागच्या माणसाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचीस, पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायचीस. लस संपली. गावात बोलबाला झाला की बाईंचा त्याग बघा.

रंजना हसली नाही. ती खाली बघत म्हणाली, "मग बाई, तुम्ही मला का धरलंत तसं?"

तू छत्री मांडीवर आडवी ठेवलीस.

"मला दुसरी रीत ठाऊक नव्हती गो," तू म्हणालीस.

मग तू स्वतःच ब्लाउजची बाही वर केलीस. दंड तिच्याकडे केलास आणि तोंड फणसाकडे. "टोच. पण कधी टोचतेस ते सांगू नकोस."

"बरं. मग पाढा ऐका माझा. एकोणतीसचा. तुम्ही त्याच्यासाठी मला किती वेळा उभं केलंय."

"म्हण."

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." रंजनाने कापसाने दंड पुसला. तू डोळे मिटलेस. ओठ पांढरे पडले होते. "त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा. पाचा एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. साते... एकशे त्र्याण्णव."

"काय?" तू डोळे उघडलेस. "किती?"

"एकशे त्र्याण्णव."

"अगो मठ्ठ! दोनशे तीन! एकशे चौऱ्याहत्तर आणि एकोणतीस किती झाले? हातचा कुठे गेला? एवढी मोठी नर्स झालीस आणि औषधं मोजतेस तरी कशी? दोनशे तीन! पुन्हा म्हण!"

"दोनशे तीन," रंजना म्हणाली. "झालं, बाई."

"कुठे झालं? आठे, नव्वे, दाहे राहिलंय."

"टोचून झालं."

तू दंडाकडे पाहिलंस, तिथे कापसाचा बोळा होता. रंजनाकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बेशुद्ध पडणार किंवा मारणार. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "पाढा पाठ करून ये. मी पुन्हा विचारीन." आणि मग अर्धा तास तुला तिथेच थांबवून ठेवलं, तर तू ओपीडीतल्या सगळ्या पेशंटांना रांगेत बसवलंस.

पुढे तीन-चार दिवस तो दंड म्हणजे घरातला सगळ्यात मोठा पेशंट. सईपेक्षा त्याचे लाड जास्त. आणि लस अंगात मुरायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला पंधरवडा सरेपर्यंत तू कॅलेंडरच्या पुढे उभी राहून महिन्याला शिव्या घातल्यास.

तो सरला त्या सकाळी तू इस्त्रीची साडी नेसलीस, शाळेत साहेब येणार असले की नेसायचीस तशी. जमिनीवर भिंतीला टेकून बसलीस, पडायची भीती नको म्हणून. मुग्धाने सईला तुझ्या हातांत दिलं. दारातून एवढ्या सूचना देणारी तू, तेव्हा तुझ्या तोंडून काहीच आलं नाही. एवढंच म्हणालीस, "हिला तर वजनच नाही रे." सईने तुझं बोट धरलं. जन्मभर तू मुलं धरलीस, पण तुला मुलाने धरलेलं मी तेव्हा पाहिलं. मी बँकेला उशिरा गेलो.

आणि मग जी बिघडलीस! धर्म बदललेला माणूस परवडला. लांबलेल्या बारशाला तू दारात खुर्ची टाकून बसलीस. "खोकला आहे? ताप? लस?" चिपळूणचे काका शिंकत आले, त्यांना खिडकीच्या गजांतून पेढा देऊन तू वाटेला लावलंस. शेजारच्या बाई, त्यांचा दीर, दूधवाला, सगळ्यांना तू धाडलंस टोचायला. एकाने विचारलं, "आजी, दुखतं काय हो?" तू म्हणालीस, "सुई म्हणजे काय वाघ आहे?" मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

आपला वाद मात्र राहिलाच. तुझं म्हणणं, तू पळाली नव्हतीस, त्या कोंबड्या गावठी आहेत की काय ते बघायला गेली होतीस. मी विचारायचो, मग बेड्याची तार का सोडत होतीस? तू म्हणायचीस, कोंबड्यांना मोकळं करायला. तुला माहीत होतं मला माहीत आहे, आणि तरी तू शेवटपर्यंत हटली नाहीस. आता मीच हरतो, घे. गावठी होत्या कोंबड्या.

गेल्या आठवड्यात सईच्या बूस्टरची वेळ आली, आत्ये. चार पूर्ण झाली ती. पुढे ढकलावं असं मुग्धा म्हणत होती, घरात हे असं. पण मला वाटलं, तू ओरडली असतीस. दवाखान्यात गेलो. रंजना होती. तिने सुई काढली आणि सई माझ्या मांडीवरून खाली घसरली. "आत्याजी पाहिजे," म्हणाली. तुझी तिने काढलेली हाक.

मग मी तिला गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कोणालातरी. रंजना बाजूला उभी राहून ऐकत होती.

"आत्याजी पळाली?"

"पळाली."

"मग तिला कोणी धरून आणलं?"

"कोणी नाही. आपली आपण आली."

सईने विचार केला. मग म्हणाली, "मी पण जाऊन येते," आणि दार ढकलून पळाली.

मी उठलो. रंजनाने हात आडवा केला. "बसा हो. येईल."

बसलो. सईच्या चपलांचा आवाज लांब गेला, वळला, थांबला. तिकडे कोणाला तरी तिने नाव विचारलं. मग काहीच ऐकू येईना. रंजना सुई खाली ठेवून भिंतीला टेकून उभी होती, जसा काही सगळा दिवस मोकळा आहे. मग चपला परत यायला लागल्या, सावकाश.

दार उघडलं. सईचे डोळे भरलेले. ती स्वतः खुर्चीवर चढली. फ्रॉकची बाही वर करायला बघितली, जमेना, म्हणून तिने दंड रंजनापुढे केला.

"तू वर कर," म्हणाली. "मला भीती वाटते."

"वाटू दे," रंजना म्हणाली, आणि तिने बाही वर केली.